गावच्या लायनीवर टर्नटेबल: मोटर आणि पॉवर सप्लाय कसा सुधारायचा

हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देणं सुरू झालं की आमच्याकडे लायनीचं व्होल्टेज बसतं. पंखा दमतो, टीव्हीचा स्टॅबिलायझर टकटक करत राहतो आणि ज्याच्या घरी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचा डेक, आहे त्याला वाटतं, आता गाणं ओढल्यासारखं वाजणार. मग तो तालुक्याला जाऊन आणखी एक स्टॅबिलायझर आणतो. हा पैसा बऱ्याचदा पाण्यात जातो. व्होल्टेज बसल्यावर टर्नटेबलचा वेग बदलेल की नाही, हे आत कोणती मोटर आहे त्यावर ठरतं. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी मोटर ओळखायची, मग वेग मोजायचा, मग तेल-बेल्ट-रबर, त्यानंतर पॉवर सप्लाय. मोटर बदलायचीच असेल तर ती सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधीच पक्की करा. या कामात २३० व्होल्टशी गाठ आहे. डेक उघडण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून बाहेर काढून तुमच्या डोळ्यांसमोर ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण गावातल्या कितीतरी बोर्डांवर बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये लागलेलं असतं. घरात आरसीसीबी (वीज गळली की लायन तोडणारा स्विच) नसेल तर टर्नटेबलच्या आधी ती बसवून घ्या.

मोटर कोणती आहे ते पाहा

प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, उचलून बाजूला ठेवा, टोनआर्म (सुईचा दांडा) बांधा, सुईवर झाकण लावा. डेक जाड चादरीवर उलटा करा आणि खालची पाटी खोला. मोटरवर जे छापलं आहे ते वाचा आणि मोबाईलने फोटो काढून ठेवा. वायरींचे रंग कुठे जोडले आहेत त्याचाही फोटो हवा.

'एसी, ५० हर्ट्झ' असं लिहिलेलं असेल, दोन कॉइल असतील आणि बाजूला एक कपॅसिटर लटकत असेल तर ती एसी सिंक्रोनस मोटर. बेल्टवर चालणाऱ्या कितीतरी चांगल्या डेकमध्ये हीच असते. हिचा वेग फक्त फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे एसी वीज सेकंदाला किती आवर्तनं करते त्यावर, चालतो: १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोलची (चुंबकी टोकांची) संख्या. २४ पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला बरोबर २५० फेरे घेते. व्होल्टेज २३० असो की १८०, फेरे २५० च. व्होल्टेज फारच पडलं तर ती लय सोडून थरथरते किंवा थांबते, पण हळू फिरत राहत नाही.

फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत तुमचं गाव आणि मुंबई यांत काडीचा फरक नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईनने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. ग्रीडसाठी ठरलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. खालच्या टोकाला गेली तरी वेगात ०.२ टक्के फरक. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर साडेतीन भाग. कानाला ते कळणं अवघड. म्हणजे डीपीवर कितीही भार आला तरी सिंक्रोनस मोटरच्या वेगासाठी स्टॅबिलायझर लागत नाही.

जुन्या, रबरी चाकाने प्लॅटर फिरवणाऱ्या डेकमध्ये शेडेड पोल इंडक्शन मोटर असते. ही फ्रिक्वेन्सीच्या थोडी मागे राहून चालते आणि व्होल्टेज कमी झालं की आणखी मागे पडते. इथे मात्र स्टॅबिलायझर खरोखर कामाला येतो.

तिसरी डीसी मोटर. डबीसारखी गोल, दोन वायरी, १२ व्होल्ट किंवा ९ व्होल्ट, आणि बहुतेकदा २४०० फेरे. कॅसेट डेकमध्ये असायची तीच जात. हिच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक दिसेल, आत वेग बदलायचा स्क्रू असतो. बॅटरीवर चालणारे सूटकेस प्लेयर आणि आजचे स्वस्त टर्नटेबल यांत हीच सापडते.

चौथी डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे प्लॅटरच मोटरच्या दांड्यावर. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० आणि १९७२ मध्ये एसएल-१२०० याच पद्धतीवर काढले. असा डेक तुमच्याकडे असेल तर मोटर आणि सप्लाय बदलण्याच्या भानगडीत पडू नका. बेअरिंगला तेल, जाणकाराकडून जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घेणं, आणि बस.

मोजल्याशिवाय स्क्रू फिरवू नका

सगळ्यात सोपी आणि भरवशाची पद्धत कागदाची आहे. प्लॅटरच्या काठावर पांढरी चिट्टी चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई टेकवा आणि मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू करून फेरे मोजा. ३३⅓ चा वेग असेल तर १०० फेऱ्यांना बरोबर तीन मिनिटं, म्हणजे १८० सेकंद लागतात. ४५ ला तेवढ्याच वेळात १३५. एका सेकंदाची चूक म्हणजे साधारण ०.५५ टक्के. सुई टेकवूनच मोजा, कारण सुईच्या ओढीने वेग थोडा उतरू शकतो आणि आपल्याला हवा तो गाणं वाजतानाचाच वेग.

स्ट्रोबची चकती छापून घेता येते, वेग बरोबर असेल तर लुकलुकत्या प्रकाशात तिच्या रेघा थांबलेल्या दिसतात. १०० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशात ३३⅓ साठी १८० रेघा लागतात, ४५ साठी १३३, ७८ साठी ७७. आजच्या एलईडी बल्बखाली रेघा नीट थांबलेल्या दिसतीलच असं नाही. जुना पिवळा बल्ब, चोकवाली ट्यूबलाईट किंवा स्विचबोर्डवरचा निऑन इंडिकेटर चालतो. एक मेख मात्र ध्यानात ठेवा. सिंक्रोनस मोटर आणि स्ट्रोबचा दिवा दोन्ही एकाच लायनीवर असतील तर फ्रिक्वेन्सी हलली की दोघं सोबतच हलतात आणि रेघा जागीच दिसतात. पुलीची (मोटरच्या दांड्यावरच्या चाकाची) चूक त्यात दिसेल, लायनीची दिसणार नाही. त्यासाठी स्टॉपवॉच किंवा मोबाईलमधलं वेग मोजणारं अ‍ॅपच हवं.

आता आवाजाची चाचणी. बेल्ट काढा, मोटर चालू करा आणि थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा. व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. जी घरघर ऐकू येते ती मोटरची थरथर, जी लाकडातून सुईपर्यंत पोचते आहे. मग सुई उचला. घरघर गेली तर दोष मोटरकडे आहे. आवाज तसाच राहिला तर तो अर्थिंगचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा हम (सततची गुणगुण) आहे, आणि त्यासाठी मोटरवर रुपयाही खर्च करू नका. या चाचणीचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करून ठेवा, प्रत्येक दुरुस्तीनंतर तीच चाचणी परत करून तुलना करता येते.

रेकॉर्डमधला डोल मोटरच्या नावावर टाकू नका, हेही इथेच सांगतो. मधलं भोक अर्धा मिलिमीटर जरी बाजूला पडलं असेल तर आतल्या गाण्यांपाशी सूर ०.८ टक्के वरखाली होतो. तुम्ही मोटर-सप्लायमध्ये जी सुधारणा कराल त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. शहनाईच्या लांब सुरावर हे लगेच कळतं. सूर दर पावणेदोन-दोन सेकंदांनी झुलत असेल तर रेकॉर्ड किंवा प्लॅटर बघा. झपाट्याने, सेकंदाला चार-पाचदा थरथरत असेल तर पुली.

तेल, बेल्ट, रबर

जुन्या सेटच्या निम्म्याहून जास्त तक्रारी या पायरीवर मिटतात, असं माझं मत आहे. तरी नवे लोक हीच पायरी ओलांडून पुढे जातात.

प्लॅटरचा दांडा बाहेर काढा. बेअरिंगमधलं जुनं तेल कापसाच्या काडीने पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत. तळाला पोलादी गोळी असेल तर ती हरवू नका. नवं पातळ मशीन ऑइल भरा, शिलाई मशीनचं चालतं. मोटरच्या दोन्ही बेअरिंगला एकेक थेंब, सुईच्या टोकाने. खोबरेल नको, ग्रीस नको, आणि गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच, तो आहे तेही तेल धुऊन काढतो. बेल्ट न लावता प्लॅटरला हाताने एक फेरा द्या आणि थांबायला किती वेळ लागतो ते तेलाआधी आणि तेलानंतर बघा. फरक तुम्हालाच दिसेल.

बेल्टचं म्हणाल तर आपल्या उन्हाळ्यात तो लवकर जातो. चंद्रपूर-वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या सेटची अवस्था त्याहून वाईट होते. बेल्ट बोटाने ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या, चकाकी आली किंवा सैल पडला तर बदला. नवा आणताना जुन्याची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही जुळवा. जाडी का, ते पुलीच्या हिशेबात येईल. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून लावलेली मी पाहिली आहे. जोड पुलीवरून गेला की दर वेळी टक् होतं, तो नाद सोडा.

मोटर ज्या रबरी वायसरांवर टेकलेली असते ते हाताने दाबून बघा. दगडासारखे झाले असतील तर मोटरची सगळी थरथर सरळ लाकडात उतरते. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर जाण्यासाठीचे मऊ रबरी ग्रोमेट मिळतात, त्याच मापाचे घ्या. स्क्रू आवळताना रबर चेपू नका, मोटर किंचित तरंगती राहिली पाहिजे.

डीसी मोटरचा सप्लाय

डीसी मोटरच्या डेकला सोबत येणारा अ‍ॅडाप्टर बहुधा स्वस्तातला असतो. त्याजागी साधा लिनियर सप्लाय बांधणं हे नवशिक्याला झेपणारं काम आहे: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारा), मोठा कपॅसिटर आणि एलएम ३१७ (व्होल्टेज एका जागी धरणारा रेग्युलेटर). सामान नागपूर-अमरावतीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एका फेरीत मिळतं.

ट्रान्सफॉर्मर निवडताना आपल्या लायनीचा हिशेब धरा. १२ व्होल्ट बाहेर काढायचे तर एलएम ३१७ ला आत निदान अडीच-तीन व्होल्ट जास्त लागतात. बहुतेक जण १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतात आणि २३० वर तो छान चालतो. लायन १७० वर आली की त्याचे ११ च व्होल्ट उरतात. ब्रिजनंतर जेमतेम १४ आणि मधल्या खळग्यांत त्याहून कमी. रेग्युलेटर तिथेच हात टेकतो. म्हणून १८ व्होल्टचा, ५०० मिलिअँपियरचा घ्या. १७० वरही ब्रिजनंतर १७ च्या आसपास मिळतात. रात्री लायन २५० ला चढली तर आत २६-२७ येतील, रेग्युलेटर दोनेक वॉट तापेल, त्यासाठी त्याला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक लावा. कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा.

एलएम ३१७ चा बाहेरचा आणि अ‍ॅडजस्ट पाय यांच्यामध्ये २४० ओहम, आणि अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला १.८ किलोओहमच्या रेझिस्टरमागे ५०० ओहमचा बहुफेरी प्रीसेट. प्रीसेट फिरवून बरोबर १२ व्होल्ट लावा. मोटर न जोडता आधी मल्टीमीटरवर खात्री करा, मग पोलॅरिटी बघून जोडा. पंधरा मिनिटं चालू द्या, मोटर गरम झाली की मगच मागच्या भोकातला स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने किंचित हलवून वेग लावा. थंड मोटरवर लावलेला वेग नंतर सरकतो.

यातून काय मिळेल याची अपेक्षा वाजवी ठेवा. अशा मोटरच्या आतच एक छोटा गव्हर्नर (वेग धरून ठेवणारं सर्किट) असतो, तो व्होल्टेजचे धक्के बऱ्यापैकी झेलतो. नव्या सप्लायने आवाजातली किरकिर कमी होते, लायन पडल्यावरही वेग टिकतो. पण मोटरचे ब्रश झिजले असतील तर सप्लाय काहीच करू शकत नाही.

एसी मोटरचा सप्लाय

आता मुख्य काम. सिंक्रोनस मोटरला दोन कॉइल असतात आणि दुसऱ्या कॉइलला वीज पाव फेरा मागून, म्हणजे ९० अंशांनी मिळायला हवी. डेकमध्ये हे काम तो लटकणारा कपॅसिटर करतो आणि कसंबसं करतो. तो जुना झाला, त्याचं मूल्य सरकलं की ९० चे ७५ होतात आणि मोटर थरथरू लागते.

म्हणून सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे तो कपॅसिटर बदलणं. मूल्य मोटरवर किंवा जुन्या कपॅसिटरवर लिहिलेलं तेच ठेवा, जात पॉलिप्रॉपिलीन. दुकानदार २७५ व्होल्टचा पंख्या-चार्जरवाला एक्स-२ पुढे करेल. २३० ची मोटर असेल तर तो घेऊ नका. अशा जोडणीत कपॅसिटरवर लायनीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे सव्वातीनशे व्होल्ट एसी येऊ शकतात. ४०० व्होल्ट एसीचा मागा. जुना काढण्यापूर्वी त्याच्या दोन टोकांमध्ये काही किलोओहमचा रेझिस्टर टेकवून तो रिकामा करा.

पुढची पायरी ज्याला खरंच फरक ऐकायचा आहे त्याच्यासाठी. लायनीवर विसंबायचंच नाही, दोन्ही कॉइलसाठी स्वच्छ ५० हर्ट्झ आपणच बनवायचे. महागडे तयार सप्लाय हेच करतात. आपल्याकडे ते जुन्या मोबाईलवर, छोट्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर बोर्डवर आणि दोन उलट्या जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरवर होतं.

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्राम घ्या. ४८,००० सॅम्पल रेटची स्टीरिओ फाईल करा, डाव्या बाजूला ५० हर्ट्झची साइन वेव्ह, उजव्या बाजूला तीच पण २४० सॅम्पल उशिरा सुरू होणारी. २४० सॅम्पल म्हणजे ५ मिलिसेकंद, आणि ५० हर्ट्झचा पूर्ण फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे नेमके ९० अंश. ४५ च्या रेकॉर्डसाठी ६७.५ हर्ट्झची वेगळी फाईल, त्यात उशीर ३.७ मिलिसेकंद. पुली न बदलता त्याच खाचेवर ४५ मिळतो. फाईल डब्ल्यूएव्हीच ठेवा, लांबी तासभर. हेडफोनची पिन असलेला जुना मोबाईल घ्या, सिम काढा, एअरप्लेन मोड लावा, इक्वलायझर बंद करा. घंटी वाजली तर मोटरलाही ती जाईल.

अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर चालणारा, १५-१५ वॉटचा पुरतो. मोटर स्वतः काही वॉटच खाते. या बोर्डमधून स्वच्छ सहा-साडेसहा व्होल्ट निघतात. ते ट्रान्सफॉर्मरच्या ६ व्होल्टच्या बाजूला द्यायचे, २३० च्या बाजूने मोटरला काढायचे. छोटे ट्रान्सफॉर्मर उलटे चालवले की हिशेबापेक्षा १५-२० टक्के कमी देतात, ते गृहीत धरा. मोटर ११० व्होल्टची असेल तर ९ व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर घ्या आणि आवाजाच्या बटणाने व्होल्टेज लावा. २३० च्या डेकमध्येही मोटर ११० ची असू शकते, वाटेत एक मोठा रेझिस्टर टाकलेला असतो, म्हणून मोटरवरचंच वाचायचं. दोन्ही चॅनेलच्या ऋण वायरी एकत्र जोडू नका, अशा बोर्डवर ते चालत नाही.

मोटरजवळचा जुना कपॅसिटर काढून टाका, डावा ट्रान्सफॉर्मर एका कॉइलला, उजवा दुसरीला. मोटर उलटी फिरली तर एका कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करा. हे सगळं बंद डब्यात बसवा. आत १२ व्होल्ट जात असले तरी बाहेर २०० च्या वर येतात आणि तो झटका लायनीच्या झटक्यासारखाच जीव घेऊ शकतो. १२ व्होल्टच्या वायरीत २ अँपियरचा फ्यूज हवाच.

मग जुळवणी, आणि इथे घाई करू नका. मोटर पूर्ण व्होल्टेजवर सुरू करा. वेग आला की आवाजाचं बटण हळूहळू कमी करा. चालू झालेल्या मोटरला सुरुवातीइतकी ताकद लागत नाही आणि जास्तीची वीज नुसती थरथर बनते. प्लिंथवर, म्हणजे डेकच्या पेटीवर, बोटाचं टोक ठेवा, थरथर उतरताना जाणवेल. फार कमी केलं तर मोटर लय सोडेल, तिथून थोडं वर या. आता बेल्ट काढून सुईची ती चाचणी लावा आणि बॅलन्सचं बटण दोन्हीकडे किंचित फिरवा. मग २३५, २४५ अशा वेगवेगळ्या उशिराच्या फाईली वाजवून पाहा. प्रत्येक मोटरचा एक ठिकाणा असतो जिथे घरघर एकदम खाली बसते. तो सापडला की त्या फाईलला नाव देऊन ठेवा. वेग किंचित कमी-जास्त हवा असेल तर ५० च्या जागी ४९.९ किंवा ५०.१ ची फाईल.

लाईट गेली तरी हे चालतं, आणि आपल्यासाठी हा मोठा फायदा. फवारणी पंपात येते तशी १२ व्होल्ट, ८ अँपियर-अवरची बॅटरी वापरा. असा सप्लाय साधारण एक अँपियर घेतो, म्हणजे बॅटरी अर्धी उतरेपर्यंत चारेक तास मिळतात. मात्र बॅटरी नवी आणा. वापरलेल्या पंपातली काढून घरात आणू नका, तिच्या वायरींवर, टोकांवर औषध बसलेलं असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलं आहे.

घरातला इन्व्हर्टर चालेल का, असं सगळेच विचारतात. प्युअर साइन वेव्ह असेल तर चालतो. स्क्वेअर वेव्हवर सिंक्रोनस मोटर गुरगुरते आणि तापते, त्यावर टर्नटेबल लावू नका.

मोटर बदलायची वेळ

तेल, रबर, कपॅसिटर, सप्लाय सगळं झालं आणि तरी दांडा बोटाने हलवल्यावर खडखडतो, किंवा दोन कॉइलचा ओहम जुळत नाही, तर मोटर बदला. पोलची संख्या किंवा फेरे, व्होल्टेज, दांड्याची जाडी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, एवढं जुळायला हवं. कूलरच्या झडपा हलवणारी छोटी सिंक्रोनस मोटर प्रत्येक गावात मिळते म्हणून ती लावून पाहायचा मोह होतो. तिच्यात गिअर असतात आणि ती सुरू होताना कधी डावीकडे फिरते कधी उजवीकडे. तिचा इथे उपयोग नाही. मोटर वाइंडिंगवाल्याकडूनही ही बारीक मोटर भरून घेण्याचा आग्रह धरू नका. एसी काढून डीसी बसवण्याचा सल्ला मी नवीन माणसाला देत नाही, एक प्रश्न सोडवताना तीन नवे उभे राहतात.

अमेरिकेतून कुणी डेक आणला असेल तर तो ६० हर्ट्झचा असेल. ११० चा ट्रान्सफॉर्मर लावल्याने व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी तीच राहते, आणि ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे मिळतात. वरचा मोबाईलचा सप्लाय ६० हर्ट्झवर चालवा, किंवा पुली नवी करा.

पुली तालुक्याच्या लेथवर होते. ट्रॅक्टरचे बुश आणि पंपाचे शाफ्ट उतरवणारा कारागीर हे काम उत्तम करतो, फक्त त्याला नेमका आकडा द्या. समजा सब-प्लॅटर (बेल्ट बसतो ती आतली थाळी) १५० मिलिमीटर, बेल्ट १ मिलिमीटर जाड, मोटर २५० फेऱ्यांची. २५० भागिले ३३⅓ म्हणजे ७.५. बेल्टचा मध्य धरायचा असतो, म्हणून दोन्ही व्यासांत बेल्टची जाडी मिळवा: १५१ भागिले ७.५ म्हणजे २०.१३, त्यातून १ वजा, पुली १९.१३ मिलिमीटर. जाडी विसरून १५० ला सरळ ७.५ ने भागलं तर २० ची पुली येते आणि प्लॅटर ३४.८ फेरे मारतो. चार टक्क्यांहून जास्त वेग, गाणं जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर. पेटी घेऊन सोबत बसलेल्या माणसाला पहिल्या ओळीतच खटकेल.

कारागिराला दोन गोष्टी सांगा. भोक आणि बाहेरचा व्यास एकाच पकडीत उतरवायचे, मध्ये चकातून काढायचं नाही, नाहीतर पुली डोलते. आणि व्यास आधी दशांश मिलिमीटर जास्त ठेवायचा. आमच्या लेथवाल्या भाऊंचं म्हणणं, "उतरवलेलं परत चढवता येत नाही, आधी लावून पाहा, मंग सांगा." अगदी तसंच करा. पुली बसवून १०० फेरे मोजा, परत जा, थोडं उतरवून घ्या. ०.१ मिलिमीटरला अर्धा टक्का वेग बदलतो. पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम दोन्ही चालतात. बेल्ट बसतो तो भाग मधोमध केसभर फुगीर ठेवायला सांगा, बेल्ट आपोआप मध्यावर राहतो.

जागा आणि अर्थिंग

सेट भिंतीतल्या पक्क्या फळीवर ठेवा. कूलरजवळ नको. त्याची थरथर फरशीतून येते, ओल येते, धूळ येते, आणि तो सुरू होताना लायनीला झटका देतो तो वेगळाच.

हम जात नसेल तर अर्थिंग तपासा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पट्टीपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असला तरी मार्चपासून पावसापर्यंत आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा. टोनआर्मची अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ स्क्रूला जोडा, मोटरच्या बॉडीची अर्थ तिच्यात मिसळू नका, ती सरळ प्लगच्या मोठ्या पिनला जाऊ द्या.

सेट काही दिवस बंद राहणार असेल तर बेल्ट पुलीवरून उतरवून ठेवा. ताणलेला बेल्ट उन्हाळ्यात एका जागी पडून राहिला की त्याला पुलीचाच आकार बसतो. आणि उंदरांसाठी खालची पाटी बंद ठेवा, वायर जाण्याच्या भोकातही रबर बसवा.